रविवारी चार ते साडेचार

१२ फेब्रुवारी १९३४, सोमवार

आज ऑफिस नाही. उद्याही नाही. आठ दिवस घरी बसवलं आहे मला — तारमास्तर रामहरीपंतांनी. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारचं लिहून ठेवतो, डॉक्टर विचारतील. पुण्याच्या लाइनवर होतो. कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याची तार. त्याची दोन मुलं नदीत बुडाली. पहिली ओळ घेतली आणि हात थांबला. पेन्सिल बोटांत, कागद समोर, आणि हात हलेना! पुणं पुन्हापुन्हा बोलावतंय — कट्ट कडकट्ट, कट्ट कडकट्ट — मला ऐकू येतंय, अक्षर न् अक्षर कळतंय, आणि मी आपला बसलोय. शेवटी रामहरीपंत धावत आले. मला खुर्चीसकट बाजूला सारलं आणि तार स्वतः घेतली.

नंतर म्हणाले, "गोपाळराव, पुन्हा असं झालं तर मला वर लिहावं लागेल." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शिवयोगी डॉक्टरांकडे गेलो. छाती ठोकून पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलट्या केल्या. मी सगळं सांगितलं — अन्न जात नाही, छाती धडधडते, घरी आलो तरी कानात यंत्र चालूच. शेजारी पद्मसाळ्यांचे माग आहेत, त्यांच्या खटखटीतसुद्धा अक्षरं ऐकू येतात. परवा धोट्यानं मला "ये" म्हणून तीनदा हाक मारली. डॉक्टर हसले नाहीत.

"अंगात रोग नाही. मनाला पथ्य हवं," म्हणाले. "तुम्ही शिस्तीचे गृहस्थ. एक क्रम आखा, लिहून काढा आणि औषधासारखा पाळा. घरात गडबड, रडारड, चिंता — काही नको."

एक बाटलीही दिली. तपकिरी. चव लिहिण्यासारखी नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

क्रम आखला. लिहून काढायचा म्हणजे इथंच काढतो, दुसऱ्या कुणाला दाखवायचा आहे थोडाच!

पहाटे पाचला उठणं. सिद्धेश्वराच्या तळ्याला एक फेरी, अनवाणी नाही. टाळूवर तेल. वर्तमानपत्र बंद. चहा बंद. ऑफिसातून तडक घरी यायचं नाही — पुन्हा तळं, मग घर. जेवताना कुणी कुणाच्या दुखण्याबद्दल बोलायचं नाही. यशोदेला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग बोलायचं तरी काय?"

चहा बंदचा नियम दुपारी तीन वाजता मोडला. बाकीचे शाबूत आहेत.

१७ फेब्रुवारी, शनिवार

एक युक्ती सुचली. स्वतःवर खूष आहे. ऑफिसला वेळ असते — इतके ते इतके. त्याबाहेर कुणी आलं तर खिडकी बंद. मग चिंतेला का नसावी? आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी चार ते साडेचार. घरच्या सगळ्या चिंता त्या अर्ध्या तासात. इतर वेळी कुणी चिंता आणली तर "रविवारी या."

यशोदा म्हणाली, "आणि मंगळवारी काही झालं तर?"

म्हटलं, मंगळवारची गोष्ट रविवारपर्यंत निम्मी होते. हे खरंही आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

चार वाजता बसलो. यशोदेच्या मनात एकच गोष्ट — प्रभा. आमची एकुलती एक, माढ्याला दिलेली. जावई कमलाकर शाळेत मास्तर, सज्जन माणूस. पण घरात सासू नाही. बाईमाणूस म्हणजे कमलाकरची म्हातारी आत्या, तिला धड दिसतही नाही. प्रभाला सहावा चालू आहे. पंधरा दिवसांनी सातवा लागेल. पहिलटकरीण — सातव्यात ओटी भरून माहेरी आणायची, हा रिवाजच. "मी केव्हा आणायला जाऊ?" यशोदेचा प्रश्न.

म्हटलं, बघू. साडेचार झाले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला गेलो. रामहरीपंतांनी कुर्डुवाडीच्या लाइनवर बसवलं, तिथं काम हलकं. सत्तावीस तारा. हात थांबला नाही. पण दोन तारांना छाती धडधडली. एक बाळंतिणीची होती.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! सापडलं म्हणजे सापडलंच!

तार कानानं यायची आणि हातानं जायची. मध्ये मन कशाला हवं? मन बसतं म्हणूनच घोटाळा. त्याला दुसऱ्या कामाला लावलं. आज तारा घेताना मनात औटकी म्हणत होतो — एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा. लहानपणी पंतोजींनी छड्या मारून पाठ करून घेतलेली, आज उपयोगी पडली. पहिल्यांदा हात चुकला, दोनदा पुन्हा मागवावं लागलं. दुपारपर्यंत बसलं जमून. हात लिहितोय, मी औटकी म्हणतोय. कागद संपला की काढून टोपलीत. काय लिहिलं — माहीत नाही!

अठरा वर्षं हे का सुचलं नाही?

२६ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस तारा. एकही आठवत नाही.

४ मार्च, रविवार

चार ते साडेचार. प्रभाला सातवा लागला. यशोदेनं ओटीचं सगळं मनात मांडून ठेवलं आहे — आळीतल्या बायका, हिरवी साडी, गाणी. मी म्हटलं, घरात वीस बायका आणि गाणी, डॉक्टरांनी काय सांगितलंय? शिवाय पुढं तीन महिने बाळंतपणाची गडबड, सुईण, मग रडणारं मूल. माझा हात पुन्हा थांबला तर नोकरी जाईल. मग कुणी कुणाची बाळंतपणं करायची?

ती म्हणाली, "हितं नको तर निदान मी तिथं जाते."

मग माझ्या पथ्याचं कोण बघणार? हे मी बोललो. बोलून गेलो म्हणू का? नाही, बोललोच. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी घड्याळाकडं पाहत होतो. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तेवढं वाटलं नाही.

८ मार्च, गुरुवार

आणखी एक भोक बुजवलं. पत्रं. टपाल आलं की छाती धडधडते. कमलाकरला लिहून टाकलं — पत्र असो, तार असो, थेट माझ्या नावे पाठवू नये. घरमालक गुरुसिद्धप्पांच्या नावे पाठवावी. ते आणि त्यांच्या बसम्माकाकू खाली राहतात. सुताचे व्यापारी, भला माणूस. ते वाचून यशोदेला देतील, ती रविवारी मला सांगेल.

गुरुसिद्धप्पांना सांगितलं तर ते मान हलवून म्हणाले, "मी वाचतो की, त्याचं काय. पण पोरीचं पत्र बापानं वाचू नये, हे कुठलं औषध म्हणायचं गोपाळराव?"

पथ्य, म्हटलं. औषध नव्हे.

१७ मार्च, शनिवार

काल पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं. रामहरीपंत घरी आले होते, "तुमचं काम पूर्वीपेक्षा साफ आहे" म्हणाले. यशोदा आत होती. तिनं ऐकलं असावं, पण बाहेर आली नाही.

१८ मार्च, रविवार

यशोदेनं प्रभाचं पत्र वाचून दाखवलं. मला नियम मोडायचा नव्हता, पण वेळ चारची होती, म्हणजे मोडला नाही.

"बाबा, मी अगदी गप्प राहीन. मागच्या खोलीत राहीन. गाणी नकोत, बायका नकोत. बाळ रडलं तर मी त्याला घेऊन खाली बसम्माकाकूंकडे जाईन. तुम्हाला कळणारसुद्धा नाही मी आलेली."

ऐकलं. काही झालं नाही. छाती धडधडली नाही, घसा दाटला नाही. आधी बरं वाटलं की काही झालं नाही. मग तळ्यावर गेल्यावर वाटलं, काहीतरी व्हायला हवं होतं. तेही फार वेळ वाटलं नाही.

२५ मार्च, रविवार

ती म्हणते, दहा दिवस राहिले. आठवा लागला की गर्भारशीला हलवत नाहीत. आणायचं तर आत्ताच.

पुढच्या रविवारी ठरवू, म्हटलं.

२९ मार्च, गुरुवार

एकेचाळीस तारा. औटकी पुरेना म्हणून अडीचकी घेतली.

मागांची खटखटही आता नुसती खटखट आहे. परवापर्यंत अक्षरं होती. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "झोप?" झोप उत्तम. "भूक?" बेताची, पण आहे. "मन?" आहे, म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. मग बाटली बदलून दिली. ही हिरवी.

१ एप्रिल, रविवार

ठरलं नाही. ती रडली. मी म्हटलं, तुझ्या रडण्यानं माझा आठवडा जातो. ती म्हणाली, "तुम्हाला पूर्वी चिमणी मेलेली बघवत नव्हती हो!"

असेल. मला आठवत नाही.

५ एप्रिल, गुरुवार

आठवा लागला. आता महिनाभर प्रश्नच नाही. हुश्श!

८ एप्रिल, रविवार

चार वाजता यशोदा आलीच नाही. स्वयंपाकघरात जोंधळे निवडत बसली होती. मी एकटाच बसलो साडेचारपर्यंत. कशाची चिंता करावी सुचेना. मग नखं कापली.

१५ एप्रिल, रविवार

ऊन भयंकर. पहाटेची फेरी साडेचारलाच आटोपतो. तळ्याचं पाणी पार खाली गेलंय.

आज ती आली. प्रभाच्या पायांवर सूज आहे. पत्रात लिहिलंय. म्हटलं, या दिवसांत येतेच. मीठ कमी कर म्हणावं. तुलाही आली होती की. ती म्हणाली, "मला कधी आली नव्हती."

१८ एप्रिल, बुधवार

रामहरीपंतांनी पुन्हा पुण्याच्या लाइनवर बसवलं! सगळ्यांसमोर. पाठीवर हात ठेवला. एकोणपन्नास तारा. शिपाई भीमा पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, तुमी लई झ्याक दिसायलाव आता. पर हसत न्हाय."

म्हटलं, सरकार हसायचा पगार देत नाही.

२२ एप्रिल, रविवार

सूज हातांवर, तोंडावर. डोकं दुखतं. डोळ्यांपुढं अंधारी येते. अक्षर तिचं नाही, कमलाकरनं लिहिलंय. यशोदा म्हणाली, आठवा असो नाहीतर काही असो, तिला हितं मोठ्या दवाखान्यात दाखवू.

मी विचार केला. खरोखरच केला, पूर्ण अर्धा तास. हलवावं तर रिवाजाविरुद्ध, गाडीच्या धक्क्यानं काही झालं तर दोष कुणाला? न हलवावं तर अंधारी. शेवटी म्हटलं, माझी रजा मे महिन्यात मिळेल. नववा लागेल तोवर. मी स्वतः आणायला जाईन, हा शब्द. कमलाकरला पत्र टाकतो.

ती म्हणाली, "आज टाका."

उद्या टाकतो. साडेचार होऊन गेले होते.

२५ एप्रिल, बुधवार

रात्री उकाड्यानं लोक अंगणात आले होते, तरी मला झोप लागली. आज कुर्डुवाडी आणि पुणं, दोन्ही लाइनी मीच. दुसरा सिग्नलर तापानं पडलाय. तेहतीस तारा. सकाळी दहाच्या सुमाराला भीमा टोपलीपाशी उभा राहून म्हणाला, "सायेब, तुमच्या घरमालकाची तार हाय की ही. तुमीच घेऊन जाता का, का पाठवू पोऱ्यासंगं?"

गुरुसिद्धप्पांना मुंबईहून सुताच्या भावाच्या तारा येतातच. म्हटलं, पाठवून दे. आणि तारांबद्दल माझ्याशी बोलत जाऊ नकोस, किती वेळा सांगायचं?

सुटल्यावर तळं. पाण्याकाठी बरीच मंडळी होती, गार वारा येत होता. दोन फेऱ्या केल्या.

घरी आलो तो कुलूप! किल्ली खाली बसम्माकाकूंकडे. त्यांनी ती हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. गुरुसिद्धप्पा पायरीवर बसले होते. मला बघून उठले.

"वहिनी गेल्या माढ्याला. दुपारच्या गाडीनं," म्हणाले. "तुम्ही नाही गेलात?"

म्हटलं, मी कशाला? माझी रजा मे महिन्यात आहे.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आत गेले. दारही लावून घेतलं. या उकाड्यात!

तर यशोदा न विचारता गेली, आठव्यात घेऊन येणार. माझा शब्द काय कवडीचा? आधी राग आला — बऱ्याच दिवसांनी आला, तळहात गरम झाले. मग गेला. घेऊन येते तर येऊ दे. मागच्या खोलीतली अडगळ काढायला हवी. पोरीनं लिहिलंच होतं, मागच्या खोलीत राहीन. त्या खोलीला खिडकी एकच. उद्या बघू.

कमलाकरला पत्र टाकायचं राहिलं होतं. आता गरज नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

बावन्न तारा! ऑफिसातल्या आजवरच्या सगळ्या सिग्नलरांत जास्त, असं रामहरीपंत म्हणाले. एकही पुन्हा मागवावी लागली नाही. वर लिहिणार आहेत — या वेळी चांगलं लिहिणार! भीमानं पेढे आणले. मी एक खाल्ला. गोड होता.

सकाळपासून एकही तार आठवत नाही. औटकी, अडीचकी, पुन्हा औटकी.

घरी आलो तर खालीही कुलूप. गुरुसिद्धप्पांची पेढी बंद, दोघं नवराबायको कुठं गेलीत शेजाऱ्यांना ठाऊक नाही. की ठाऊक आहे आणि सांगत नाहीत? शेजारची पद्मसाळ्याची बायको मला बघून आत गेली. असो.

अडगळ काढली. जुनी फळी, फुटकी घागर, प्रभाची पाटी. खोली झाडून घेतली, पाणी शिंपडलं. बाज टाकली. बाज खिडकीपाशी ठेवावी की भिंतीशी, याचा बराच वेळ विचार केला. बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. भिंतीशी ठेवली.

घरात अगदी शांत आहे. डॉक्टरांना हवं होतं तसं.

२७ एप्रिल, शुक्रवार

पहाटेच्या गाडीनं गुरुसिद्धप्पा माढ्याहून आले. वर आले. बसले नाहीत. दोन तारा माझ्यापुढं ठेवल्या. बुधवारची — प्रकृती गंभीर, आईला ताबडतोब पाठवा. कालची — प्रभा पहाटे गेली, मूलही गेलं. दोन्हींखाली कमलाकर. दोन्ही माझ्या अक्षरात.

"वहिनींनी अक्षर ओळखलं की तुमचं," ते म्हणाले. "अकराच्या गाडीला मी चला म्हणत होतो. नको म्हणाल्या. त्यांनीच तार घेतलीय, येतीलच आता, म्हणाल्या. दुपारपर्यंत दारात बसून होत्या."